बँकॉकला फक्त जायचं तिकीट काढून गेलं तर चालतं का? भावाचा पासपोर्ट ईसीआर आहे

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळचा कराडचा, पुण्यात आयटीत आहे. एक नोकरी सोडून दुसरी जॉइन करायच्या मध्ये दीडेक महिना हातात मिळतोय, तर मी आणि माझा मामेभाऊ असं दोघं थायलंड, लाओस, व्हिएतनाम करायचं म्हणतोय. मुंबईहून विमानाने बँकॉक, तिथून रात्रीच्या ट्रेनने लाओसची राजधानी व्हिएन्टियान, मग लाओसमधलंच लुआंग प्राबांग, तिथून बसने हद्द ओलांडून व्हिएतनाम आणि शेवटी हनोईहून घरी. नव्या कंपनीची जॉइनिंगची तारीख अजून पक्की नाही, आठपंधरा दिवस पुढेमागे होईल, म्हणून परतीचं तिकीट आत्ता काढायचंच नाही, तिथे गेल्यावर बघू असं आमचं चाललं होतं.

आता ऑफिसात एक जण म्हणतो वन-वे तिकिटावर विमानात बसूच देत नाहीत, दुसरा म्हणतो कोणी विचारत पण नाही. नेटवर बघितलं तर हजार-बाराशे रुपयांत डमी परतीचं तिकीट काढून देणारे पण दिसतायत. नक्की खरं काय?

दुसरी गोष्ट भावाची. त्याची शाळा नववीनंतर सुटली त्यामुळे पासपोर्ट ईसीआर आहे, म्हणजे काही देशांत कामाला जायचं तर सरकारी परवानगी लागते असा शिक्का असलेला. पण त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, चांगलं चालतं, दरवर्षी इन्कम टॅक्स भरतो. त्याची ही पहिलीच परदेशवारी. मामीने टीव्हीवर म्यानमारमध्ये पोरांना डांबून ठेवलेल्या बातम्या बघितल्यापासून ती नकोच म्हणतेय. जाणकारांनी कृपया सांगा, तिकीट काढायचं थांबवून ठेवलंय.

मुक्कामपोस्ट_कुठेही

मी बहुतेक वेळा वन-वेवरच जातो. थायलंडने भारतीयांना २०२३ च्या नोव्हेंबरपासून व्हिसा माफ केला आणि जुलै २०२४ पासून मुक्काम ६० दिवसांचा केला. बँकॉकच्या इमिग्रेशनला माझ्याकडे परतीचं तिकीट आजवर कोणी मागितलेलं नाही, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात, शिक्का मारतात, झालं. हॉटेलचं बुकिंग आणि थोडी कॅश जवळ ठेवा. उगाच पैसे घालवू नका असं माझं मत.

काउंटरपलीकडे

मी मुंबई एअरपोर्टला बरीच वर्षं चेक-इनला काम केलंय, आता वेगळ्या क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरचे मित्र सांगतायत ते बँकॉकपुरतं बरोबर आहे, पण तुमची परीक्षा बँकॉकला नसते, मुंबईत असते. आणि ती दोन ठिकाणी असते, आधी एअरलाइनच्या काउंटरवर आणि मग आपल्याच इमिग्रेशनला.

काउंटरवरचा माणूस तिकीट का मागतो ते समजून घ्या म्हणजे सगळा घोळ मिटेल. एखाद्या देशाने प्रवाशाला आत घेतलं नाही तर त्याला परत आणायची जबाबदारी ज्या एअरलाइनने त्याला तिथे नेलं तिची असते. हे आजचं नाही, विमान वाहतुकीच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या नवव्या अ‍ॅनेक्समध्ये (परिशिष्टात) हे सगळं आहे, आणि त्यावर बऱ्याच देशांनी स्वतःचे दंड लावलेत. आपल्याकडे २००० साली कायदा झाला होता, कागदपत्रं नसलेला प्रवासी भारतात आणला तर एअरलाइनला माणशी एक लाख दंड, आता तो कायदा जाऊन २०२५ चा नवा इमिग्रेशन कायदा आलाय आणि त्यातही एअरलाइनवर दंड आहेच. म्हणजे तुम्हाला परत पाठवलं तर एअरलाइनला सीट जाते, दंड जातो, वर काउंटरवर ज्याने बोर्डिंग पास दिला त्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे तो घाबरून असतो आणि शंका आली की सरळ नाही म्हणतो.

आता तो नियम कुठे बघतो? टिमॅटिक नावाची सिस्टिम असते, एअरलाइन्सच्या संघटनेची, आयाटाची. पासपोर्ट कुठला, जायचं कुठे, किती दिवस, हे टाकलं की त्या देशाच्या अटी स्क्रीनवर येतात. थायलंडच्या बाबतीत तिथे जे येतं त्याचा अर्थ असा की परतीचं किंवा पुढचं तिकीट नसेल तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. 'जाऊ शकतो' हे नीट बघा. नाकारतीलच असं नाही. सगळी गोम इथेच आहे, म्हणूनच तुमच्या ऑफिसातले दोघंही खरं बोलतायत. एका एअरलाइनचा सुपरवायझर म्हणतो शक्यता आहे ना मग नको, दुसरीत म्हणतात प्रवासी स्वतःच्या जबाबदारीवर जाऊ दे आणि फॉर्मवर सही घेतात. त्याच एअरलाइनमध्ये सकाळच्या शिफ्टला एक आणि रात्रीच्या शिफ्टला दुसरं असंही होतं. त्यात पासपोर्टवर आधीचे भरपूर शिक्के असलेल्या माणसाला जी सूट मिळते ती पहिल्यांदा जाणाऱ्या कोऱ्या पासपोर्टला मिळत नाही.

बँकॉकच्या फ्लाइट्स बऱ्याच रात्रीच्या असतात. पहाटे दोन वाजता काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं असताना, मागे लाइन, हातात मोबाईल, एअरपोर्टचं वायफाय चालत नाही, कार्डाचा ओटीपी येत नाही, आणि बायको शेजारी रडकुंडीला आलेली, असे लोक मी परतीचं तिकीट काढताना बघितलेत. त्या वेळी जे समोर दिसेल ते महागडं तिकीट घेतात. दोन दिवस आधी तेच तिकीट निम्म्या किमतीत निवांत मिळालं असतं.

आणि एक, 'पुढचं तिकीट' म्हणजे भारतात परत यायचंच तिकीट असं नाही. थायलंडच्या बाहेर, तुम्हाला मिळणाऱ्या मुदतीच्या आत, कुठेही गेलेलं चालतं. फक्त जिथे जाणार तिथला व्हिसा लागत असेल तर तो हातात पाहिजे.

शुभदा_दादर

काउंटरपलीकडे यांनी मुद्द्याचं लिहिलंय. मी ट्रॅव्हल एजन्सी चालवते, त्यामुळे डमी तिकिटाबद्दल मी बोलते कारण आमच्याकडे रोज कोणीतरी विचारायला येतं.

डमीमध्ये दोन प्रकार आहेत. एक म्हणजे खरंच सिस्टिममध्ये सीट होल्ड करून पीएनआर काढतात, तो एक-दोन दिवस जिवंत राहतो आणि पैसे भरले नाहीत की आपोआप मरतो. दुसरा म्हणजे सरळ सरळ फोटोशॉप, जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर नाव-तारीख बदललेली. दुसऱ्या प्रकाराला अजिबात हात लावायचा नाही. काउंटरवर पीएनआर टाकून बघतात, दहा सेकंदांत कळतं, आणि खोटं कागदपत्र दाखवलं म्हटल्यावर गोष्ट फक्त विमान चुकण्यावर थांबत नाही. पहिला प्रकार तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही पण त्याला तिकीट नंबर नसतो, नुसतं रिझर्वेशन असतं, ज्याला बघता येतं त्याला ते लगेच दिसतं, आणि फ्लाइट लेट झाली की तेवढ्यात तो पीएनआर मेलेला असतो. आम्ही देत नाही. कोणी रागावून दुसरीकडे जातं, जाऊ दे.

आता भावाच्या पासपोर्टचं, कारण तुमच्या प्रश्नातला खरा मोठा मुद्दा तो आहे आणि वरती त्यावर कोणी बोललं नाही. ईसीआर म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे, आखातात वगैरे मजुरीला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसांची एजंटांकडून फसवणूक होऊ नये म्हणून. १८ देशांची यादी आहे. लोकांना वाटतं त्यात फक्त सौदी, दुबई, कुवेत, कतार असतील, पण थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया पण त्याच यादीत आहेत. कामाला जायचं असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. फिरायला जायचं असेल तर ती लागत नाही, पण मग आपल्या इमिग्रेशनला परतीचं तिकीट दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्यासाठी जो 'दाखवलं तर बरं' असा कागद आहे तो भावासाठी लागणारच. वन-वेवर त्याला नेऊच नका. काउंटरवाल्याने सोडलं तरी आपला ऑफिसर ऑफलोड करेल, म्हणजे विमानात जाऊच देणार नाही, आणि तो त्याचं कामच करत असेल.

पण तुम्ही लिहिलंय की तो इन्कम टॅक्स भरतो. मग त्याला ईसीआर राहायचं कारणच नाही! दहावी पास हा एकच मार्ग नाही, इन्कम टॅक्स भरणारा माणूस, पन्नाशीच्या पुढचा माणूस, मान्यताप्राप्त आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, असे बरेच जण नॉन-ईसीआरमध्ये बसतात. पासपोर्ट री-इश्यूला टाकायचा, कारणात ईसीआर काढायचं असं लिहायचं, सोबत टॅक्सचे कागद जोडायचे. सांगलीत, साताऱ्यात, कुठे जवळ अपॉइंटमेंट मिळते ते पासपोर्ट सेवेच्या साइटवर बघा. नव्या पासपोर्टवर ईसीआरची ओळ येत नाही, काहीच छापलेलं नसणं म्हणजेच नॉन-ईसीआर. गॅरेजवाली, दुकानवाली कितीतरी माणसं आयुष्यभर तो शिक्का घेऊन फिरतात कारण त्यांना कोणी हे सांगितलेलं नसतं, मला त्याचं फार वाईट वाटतं. तिकीट काढायच्या आधी हे करा, कारण पासपोर्ट नंबर बदलतो आणि मग व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्या नंबरवरच काढायला लागेल.

बँकॉकवासी_विदर्भकर

मी इथे नोकरीला आहे. मामींच्या काळजीबद्दल लिहितो, ती वेडगळ काळजी नाही हो. डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग असल्या नोकरीच्या नावाखाली पोरांना बँकॉकला बोलावतात, इथून गाडीने हद्दीवरच्या माए सोतला नेतात, नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावड्डी, तिथे सायबर फसवणुकीच्या कंपाउंडमध्ये अडकवतात, पासपोर्ट काढून घेतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाची विमानं माए सोतला पाठवून दोन दिवसांत ५४९ जणांना परत नेलं. आणि ते शेवटचं नव्हतं, नोव्हेंबरमध्ये परत तेच करावं लागलं.

म्हणून आता मुंबई, दिल्लीला इमिग्रेशनवाले काय बघतात तर तरुण मुलगा, पहिला प्रवास, बँकॉक, वन-वे, हॉटेलचं बुकिंग कोणीतरी दुसऱ्याने केलेलं, आणि 'कुठे राहणार' विचारलं तर नीट सांगता येत नाही. हे सगळं एकत्र दिसलं की बाजूला घेतात. त्यात चिडण्यासारखं काही नाही, त्या रांगेतला दहावा मुलगा खरंच अडकायला चाललेला असू शकतो.

भावाला उत्तरं पाठ करून घेऊ नका, फक्त त्याला प्लॅन स्वतःला माहीत पाहिजे. पहिल्या हॉटेलचं नाव, कुठल्या भागात आहे, किती दिवस, पुढे कुठे, पैसे कोणाचे. गॅरेजचं शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स किंवा उद्यमचं सर्टिफिकेट, बँक स्टेटमेंट, टॅक्सची पावती, एवढं एका फोल्डरमध्ये प्रिंट काढून. त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये त्याच्या स्वतःच्या नावाची बुकिंगं असली पाहिजेत, सगळं तुमच्या मोबाईलमध्ये आणि तो तुमच्या मागे उभा असं नको. इमिग्रेशनला दोघांना वेगवेगळ्या काउंटरवर बोलावलं तर काय करणार?

मुक्कामपोस्ट_कुठेही म्हणतात तसं इथल्या इमिग्रेशनला बहुतेकदा विचारत नाहीत हे खरं आहे. पण विचारायचा अधिकार त्यांना आहे, आणि पैसे किती आणलेत हे पण विचारू शकतात. माणशी वीस हजार बाट कॅश किंवा तेवढ्याचं परकीय चलन जवळ असू द्या म्हणजे प्रश्न नाही.

रसिका_न्यूजर्सी

जरा वेगळा देश पण विषय तोच. आमच्याकडे बाळंतपणाला आई येणार होती तेव्हा माझाही हाच विचार होता की वन-वे काढू, परत कधी जायचं ते बाळ झाल्यावर ठरवू. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर परतीचं तिकीट पाहिजेच असा नियम नाही, पण व्हिसा दहा वर्षांचा असला तरी किती दिवस राहायचं हे उतरल्यावर ऑफिसर ठरवतो, साधारण सहा महिने देतात, आणि 'हा माणूस परत जाणार आहे' याची त्याला खात्री पटावी लागते. एकटी बाई, इंग्रजी बेताचं, बॅगेत डिंकाचे लाडू आणि मेतकूट, व्हीलचेअर असिस्टन्स, आणि त्यात वन-वे तिकीट म्हटल्यावर मलाच धडधडायला लागलं. शेवटी पाच महिन्यांनंतरचं परतीचं काढलं, तारीख बदलता येणाऱ्या भाड्यात. तिला त्यांनी एवढंच विचारलं, परत कधी. तिने तिकिटाचा कागद पुढे केला. लाडू फॉर्मवर लिहिलेले होते त्यामुळे तेही सुखरूप आले. पुढे तारीख दोनदा बदलली, भाड्यातला जो फरक आला तो भरला.

उलट माझा धाकटा भाऊ जर्मनीला शिकायला गेला तो वन-वेवरच, त्याला कोणी अवाक्षर काढलं नाही कारण व्हिसाच लांब मुदतीचा होता. आमचा एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा झाला तेव्हाही तसंच. म्हणजे वन-वे तिकीट वाईट नसतं, फिरायला चाललोय म्हणणाऱ्याच्या हातात ते खटकतं.

कोयनाकाठ

बापरे, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. शुभदाताई, तुमची पोस्ट भावाला वाचून दाखवली, तो म्हणाला मला वाटायचं दहावी बाहेरून दिल्याशिवाय तो शिक्का निघत नाही. आजच री-इश्यूचा फॉर्म भरायला बसलोय.

आता परतीचं काढायचं हे नक्की. पण आम्ही परत येणार हनोईहून, बँकॉकहून नाही. मग बँकॉक-मुंबई काढून फेकून द्यायचं का हनोई-मुंबई दाखवलं तर चालेल? मध्ये ट्रेन आणि बस आहे ती काउंटरवाला मानेल का?

शुभदा_दादर

फेकायला कशाला काढायचं. मल्टी सिटी म्हणून शोधा, मुंबई-बँकॉक आणि हनोई-मुंबई, शक्यतो एकाच एअरलाइनचं एकाच पीएनआरवर. जातानाचं आणि येतानाचं एकाच तिकिटात आलं की काउंटरवर अर्धे प्रश्न तिथेच संपतात. भाडं बघताना सगळ्यात स्वस्त प्रकार घेऊ नका, तारीख बदलायचे चार्जेस किती ते आधी वाचा, तुमची जॉइनिंग डेट हलणार आहे म्हणून तिथे हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. परतीची तारीख बँकॉकला उतरल्यावर मिळणाऱ्या मुक्कामाच्या मुदतीच्या आतली ठेवा.

सोबत व्हिएतनामचा ई-व्हिसा प्रिंट करून. तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एका प्रवेशाचा २५ डॉलर. फक्त सरकारी साइटवरूनच काढा, तसल्याच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट पुष्कळ आहेत. फॉर्ममध्ये कुठल्या नाक्यावरून आत येणार ते निवडावं लागतं, तिथे सवयीने हनोई एअरपोर्ट टाकू नका! तुम्ही बसने जाणार आहात, तर त्या बसचा नाका कुठला ते आधी बघा. लुआंग प्राबांगहून दिएन बिएन फूला जाणारी बस ताय त्रांगवरून जाते, व्हिएन्टियानहून हनोईची काउ त्रेओवरून. दोन्ही ई-व्हिसाच्या यादीत आहेत.

बँकॉकवासी_विदर्भकर

ट्रेनचं तिकीट पण आधीच काढून ठेवा, थाई रेल्वेच्या साइटवर मिळतं. जुलै २०२४ पासून थेट व्हिएन्टियानपर्यंत जाते, बँकॉकच्या क्रुंग थेप अभिवात स्टेशनवरून रात्री सुटते. स्लीपर लवकर भरतो. थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का हद्दीवरच्या नोंग खाईला मारतात, लाओसचं इमिग्रेशन पलीकडे. लाओसचा व्हिसा भारतीयांना ऑन अरायव्हल मिळतो, डॉलरच्या कोऱ्या नोटा आणि फोटो जवळ ठेवा, चुरगळलेली किंवा फाटकी नोट परत देतात.

आणि ऐनवेळी कोणी कंबोडियामार्गे जा म्हणून सुचवलं तर आधी बातम्या बघा. जून २०२५ मध्ये सीमेच्या भांडणावरून थायलंडने कंबोडियाचे रस्त्याने जायचे नाके पर्यटकांना बंद केले, पुढे जुलैत आणि डिसेंबरात लढाई पण झाली. जुन्या ब्लॉगवर अरण्यप्रथेत-पोइपेत किती सोपं आहे असं अजून लिहिलेलं दिसतं, त्यावर जाऊ नका.

मुक्कामपोस्ट_कुठेही

काउंटरपलीकडे, तुमची ती 'जाऊ शकतो' वाली गोष्ट पटली, सही घेऊन सोडतात तो फॉर्म मी पण एकदा भरलाय, तेव्हा कळलं नव्हतं तो कशासाठी. ईसीआरचं तर माहीतच नव्हतं. एकट्याने, अनुभव असताना, मी अजूनही वन-वेवर जाईन, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला सोबत घेऊन नाही.

काउंटरपलीकडे

कोयनाकाठ, ट्रेनच्या तिकिटाबद्दल विचारलंत म्हणून. नुसतं ट्रेनचं दाखवलं तर काउंटरवरचा नवा मुलगा अडेल, त्याला विमानाचं तिकीट बघायची सवय असते. पण हनोई-मुंबईचं तिकीट, व्हिएतनामचा व्हिसा आणि ट्रेन असे तीन कागद एकावर एक ठेवलेत तर त्याला साखळी दिसते. तरी अडला तर वाद घालू नका, 'ड्यूटी मॅनेजरला बोलवा' म्हणून शांतपणे सांगा आणि टिमॅटिकमध्ये परत बघायला लावा. यासाठी वेळ हातात पाहिजे म्हणून काउंटर उघडतानाच जाऊन उभे राहा. वेब चेक-इन झालं म्हणून निर्धास्त राहू नका, आंतरराष्ट्रीयला कागद बघितल्याशिवाय बऱ्याचदा बोर्डिंग पास देत नाहीत.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड विसरू नका, १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे, कुठे पैसे मागितले तर ती साइट चुकीची. दोघांचं वेगवेगळं भरा आणि क्यूआर कोड भावाच्या फोनवर पण पाठवा. व्हिसाची सवलत आणि मुक्कामाचे दिवस तिकडे बदलू शकतात, त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी आणि निघायच्या आठवड्यात, दोन्ही वेळा दूतावासाच्या साइटवर नियम बघून घ्या.

कोयनाकाठ

झालं, भावाची सातारची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात मिळाली. नवा पासपोर्ट हातात आला की मल्टी सिटी बघतो आणि शुभदाताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तिकीट तुमच्याकडूनच काढू. मामीला बँकॉकवासी दादांची पोस्ट दाखवली, ती म्हणाली हॉटेलचा पत्ता मला पण लिहून दे.